टेबलावर सरकलेला खडा

"जेवाले बसलो का जबड्याखाली सुजते जी, मंग आपोआप उतरते." यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या शेतमजुरानं अर्धं निदान स्वतःच सांगून टाकलं. लाळेचे बहुतेक खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात. तिची लाळ घट्ट असते, तिच्यात कॅल्शियम जास्त असतं आणि सुमारे 5 सेंमी लांबीच्या नळीतून तिला वर चढावं लागतं. सोनोग्राफीत 9 मिमीचा खडा दिसला, अगदी मागे, नळी ग्रंथीतून निघते तिथं.

अशा वेळी बाहेरून मानेवर चीर देऊन अख्खी ग्रंथी काढता येते, पण त्यात खालचा ओठ हलवणारी नस धोक्यात येते. म्हणून तोंडातूनच जायचं ठरवलं. अडचण खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची. इकडे कितीतरी तरण्या पोरांचीही तोंडं त्यानं आखडलेली असतात. याचं तोंड जेमतेम अडीच बोटं उघडत होतं. भुलीची नळी नाकातून घातली, म्हणजे तोंड मोकळं राहिलं.

गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र कुठूनही उचलून आणता येत नाही. आमचं यंत्र त्याच आवारात नोंदलेलं, त्यामुळे ते ऑपरेशन थिएटरमध्ये आलं आणि रेडिऑलॉजिस्ट मॅडमही आल्या. लिनिअर प्रोबवर, म्हणजे यंत्राच्या अंगावर टेकवायच्या सपाट तोंडाच्या भागावर, आत जेल भरून निर्जंतुक ग्लोव्ह चढवला. तोंड उघडं ठेवून, मान ताणून पुन्हा बघितलं तर खडा ओपीडीतल्या जागेपेक्षा मागे. म्हणूनच आदल्या दिवशीच्या रिपोर्टवर चीर द्यायची नसते.

ॲड्रेनलिनमिश्रित लिग्नोकेन हे जागा बधिर करणारं औषध 2 मिली टोचलं, तेही सिरिंजमधली हवा पूर्ण काढून. बुडबुडा आत गेला की पडद्यावर तोही खड्यासारखा चमकतो. जास्त औषध टोचलं तर भाग फुगतो आणि चित्रच पुसट होतं.

जिभेखालची चीर फक्त वरच्या अस्तरापुरती. दाढांजवळ जिभेची संवेदना देणारी नस नळीच्या खालून आडवी जाते. आधी ती शोधून बाजूला घेतली, मगच नळी उघडली. आत खडा नव्हता.

"सर, तो ग्रंथीत सरकला," मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या.

मदतनीसानं बाहेरून ग्रंथी वर ढकलायची असते. पण त्याची बोटं आणि प्रोब दोघांनाही हनुवटीखालची तीच जागा हवी. शेवटी बोटं जबड्याच्या कोनाशी, प्रोब त्यांच्या पुढे आडवा, अशी वाटणी झाली. तोंडातून 22 गेजची सुई हळूहळू आत सारली. पडद्यावर तिची पांढरी रेघ खड्याच्या कडेला टेकली त्याच क्षणी हाताला 'खर्र' असं लागलं. सुई तशीच ठेवून तिच्या अंगानं नळीची चीर मागे वाढवली. पिवळट, खडबडीत खडा निघाला आणि मागून गढूळ लाळेची धार.

खडा निघाला की हात थांबवायचा मोह होतो. सलाईननं जागा धुऊन पुन्हा प्रोब ठेवला तर एक चमकता ठिपका. हवा की उरलेला तुकडा? हवेमागची सावली धुरकट असते आणि दाबल्यावर, धुतल्यावर ठिपका हलतो किंवा जातो. हा जागचा हलेना, मागे स्वच्छ काळी सावली. 2 मिमीचा तुकडा होता, क्युरेटनं, म्हणजे खरवडायच्या छोट्या चमच्यानं, काढला. तोच राहिला असता तर त्यावर पुन्हा थर चढला असता.

नळी शिवून बंद केली तर ती आकसते. तिच्या कडा अस्तराला 4-0 विक्रिलच्या विरघळणाऱ्या धाग्यानं टाचून तोंड उघडंच ठेवलं. संध्याकाळी कापसाच्या बोळ्यानं जिभेच्या दोन्ही बाजू तपासल्या, संवेदना सारखी होती. भरपूर पाणी, लिंबाची फोड आणि ग्रंथीला मागून पुढे हलका मसाज, असं सांगितलं.

"खर्रा कधी चालू करू जी?" त्यानं विचारलं. आखडलेल्या तोंडासाठी त्याला परत बोलावलंय, गालाच्या आतला पांढरा पट्टाही तेव्हा बघायचा आहे.