उन्हाळ्यातला दुपारचा खेळ

मे महिन्यात सिनेमाला निघालेल्या नागपूरकराच्या रसिकतेवर फारसा विश्वास ठेवू नये. पारा ४४-४५ अंशांवर गेला आणि टाकी दोनदा भरूनही घरचा कूलर गरमच वारा फेकू लागला, की कोणता चित्रपट लागला आहे हा प्रश्न मागे पडतो आणि तोंडाला दुपट्टा बांधून माणसे सीताबर्डीतल्या वातानुकूलित अंधारात शिरतात. २०१३ च्या मे महिन्यात या शहराने ४७.९ अंशही पाहिले आहेत; अशा दिवशी पडद्यावर काहीही चालले असते. म्हणून मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवून घेतली आहे. चित्रपटाची पहिली पंधरा-वीस मिनिटे गारव्याच्या खात्यावर जमा करायची. घाम वाळला, अंग निवाले, की त्यापुढे जे आपल्याला खुर्चीत धरून ठेवते तेवढेच चित्रपटाचे.

२०२५ च्या उन्हाळ्याची सुरुवात महाराष्ट्र दिनाच्या गर्दीने झाली. ‘गुलकंद’ आणि ‘आता थांबायचं नाय!’ हे दोन मराठी चित्रपट १ मे रोजी एकत्र आले आणि त्याच दिवशी हिंदीतला ‘रेड २’ही आला. अशा वेळी मराठीच्या वाट्याला बहुधा दुपारचा खेळ येतो. ही तक्रार पुण्या-मुंबईकडेही ऐकू येते, पण आमच्याकडे तिला उन्हाची जोड असते, कारण बाराला जाताना ऊन डोक्यावर असते आणि तीनच्या सुमारास बाहेर पडताना ते डांबरातून वर येते. ज्याला नुसता गारवा हवा असतो, त्याला हिंदीचा सायंकाळचा पडदाही चालतो. त्यामुळे मराठीच्या दुपारी जी मोजकी माणसे दिसतात, ती चित्रपटासाठीच आलेली असतात. त्यांच्यासोबत सिनेमा पाहणे हे माझे उन्हाळ्यातले खरे सुख आहे.

‘आता थांबायचं नाय!’ अशाच एका दुपारी पाहिला. मुंबई महापालिकेचे चतुर्थश्रेणी कर्मचारी वय उलटून गेल्यावर रात्रशाळेत बसून दहावीची परीक्षा देतात, ही सत्य घटनेवरची गोष्ट. दहावीचा खरा निकाल १३ मे रोजी लागला, म्हणजे हा चित्रपट नेमका निकालाची वाट पाहणाऱ्या घरांमध्ये येऊन पडला होता. माझ्या पुढच्या रांगेत आईवडिलांच्या मधोमध बसलेला एक मुलगा परीक्षेच्या प्रसंगांना मुळीच हसत नव्हता आणि त्याचे वडील मात्र जरा जास्तच हसत होते. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव यांना आपण इतकी वर्षे धावताना आणि ओरडताना पाहिले आहे, की त्यांना बाकावर अवघडून बसलेले, वहीवर वाकलेले पाहणे हाच एक वेगळा अनुभव ठरतो. शिवराज वायचळ यांच्या दिग्दर्शनात काही ठिकाणी डोळ्यांत पाणी आणण्याची घाई जाणवते. तरीही मध्यंतरात बाहेरच्या उन्हाची आठवण कुणी काढली नाही, याची नोंद मी केली. ‘गुलकंद’मध्ये समीर चौघुले आणि सई ताम्हणकर यांची जोडी गोड आहे, पण विनोद प्रहसनाच्या मापाचा असल्यामुळे तो दोन तासांवर ताणताना पातळ होतो.

मे महिन्याच्या मध्यावर ‘मिशन: इम्पॉसिबल’चा नवा भाग अमेरिकेच्या आधी, १७ मे रोजी, भारतात लागला. जवळजवळ पावणेतीन तासांचा हा चित्रपट पहिला तासभर नुसता बोलतो, समजावतो, जुन्या भागांची उजळणी करतो. मग टॉम क्रूझ बर्फाळ समुद्राच्या तळाशी पडलेल्या पाणबुडीत उतरतो आणि बराच वेळ कुणीच बोलत नाही. विदर्भातल्या प्रेक्षकाला त्या थंडगार पाण्याचे जे वाटते ते इतरांना वाटेल का, याची मला शंका आहे. एवढ्या एका प्रसंगासाठी मी त्या पहिल्या तासाला माफ केले.

जूनच्या आरंभी मोसमी पाऊस विदर्भाच्या उंबरठ्यावर रेंगाळला, उकाडा परतला आणि ‘हाऊसफुल ५’ने एक अजब मागणी केली. एकाच चित्रपटाच्या ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन आवृत्त्या, आणि दोन्हींत खुनी वेगळा. कल्पना धाडसी आहे हे कबूल. पण असल्या घामट हवेत दुसरा खुनी शोधायला पुन्हा घराबाहेर पडावे, इतका पहिला खुनीही मनात भरला नव्हता.

‘सितारे ज़मीन पर’ २० जूनला आला तेव्हा उन्हाळा कॅलेंडरवरून उतरला होता. मतिमंद म्हणून हिणवल्या जाणाऱ्या मुलामाणसांच्या बास्केटबॉल संघाची ही गोष्ट मूळ स्पॅनिश चित्रपटावर बेतलेली आहे आणि तिचा रस्ता पहिल्या रीळापासून ओळखीचा आहे. पण त्या दहा नवख्या कलाकारांच्या बोलण्याची वेळ अशी अचूक आहे, की आमिर खान स्वतःच बऱ्याचदा प्रेक्षक होऊन जातो. ऑगस्टमध्ये तो यूट्यूबवर १०० रुपयांत उपलब्ध झाला, तेव्हा घरच्यांना जमवून पुन्हा पाहिला. चित्रपट तोच होता, पण थिएटरात ज्या वाक्यांवर अख्खी रांग हसली होती, त्यांवर घरी कुणीतरी डाळीला फोडणी द्यायला उठले.