आमची वाटचाल : ओळंबा, बादली आणि जुन्या बार्जेस

मी मरीन आर्किटेक्ट : बोटींचे, त्यातही बार्जेसचे म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटींचे, आराखडे करतो. पण तसं म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे बोटीतल्या खोल्या सजवता का?" पूर्वी मी समजावून सांगत बसायचो. आता "हो, आमच्या एकेका खोलीत पंधराशे टन माती मावते" असं सांगून मोकळा होतो.

मी मूळचा मालवणचा. कोचीला शिप टेक्नॉलॉजी शिकलो आणि मुंबईत एका डिझाइन ऑफिसात आठ वर्षं काढली. तिथे कॉम्प्युटर होता, पण साहेबांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. सिम्पसनच्या नियमानं, म्हणजे वक्र आकारांचं क्षेत्रफळ-घनफळ काढायच्या जुन्या रीतीनं, सगळं हातानं काढून मगच प्रिंट मारायची. तेव्हा वैताग यायचा. पण आज स्क्रीनवर एखादा आकडा चुकीचा आला की तो डोळ्यांना खुपतो, ते त्या वैतागामुळेच.

२००४ साली स्वतःच्या ऑफिससाठी गोव्यात वास्कोला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. कारण उघड होतं : लोखंडाचं खनिज. खाणींवरून ट्रकनं धक्क्यावर, धक्क्यावरून बार्जनं मांडवी-झुआरीतून मुरगावला, तिथून मोठ्या जहाजात. २०१०-११ साली तर गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज बाहेर गेलं. पावसाळ्यात आग्वादचा बार, म्हणजे मांडवीच्या मुखाशी असलेला वाळूचा उथळ पट्टा, वाहतुकीला बंद झाला, खाणीही मंदावल्या की बार्जेस दुरुस्तीसाठी स्लिपवेवर, म्हणजे काठावरच्या उतारावर, चढायच्या. तो आमचा हंगाम. जून ते ऑगस्ट घरी कोणी आजारी पडलेलंसुद्धा परवडायचं नाही.

पहिली मोठी कामं लांबी वाढवण्याची. बार्ज मधोमध कापायची, दोन अर्धुकं बाजूला सारायची, मध्ये नवा आठ मीटरचा तुकडा घालून सांधायची. साठ मीटरची अडुसष्ट झाली की मालकाला जादा अडीचशे टन माल दिसतो. मला दिसतो डेकवरचा ताण, कारण तो साधारण लांबीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. लांबी तेरा टक्के वाढली, तर ताण अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फक्त तुकडा घालून भागत नाही, डेकच्या प्लेटा आणि कोमिंगच्या, म्हणजे माल भरायच्या तोंडाभोवतीच्या उभ्या कठड्याच्या, पट्ट्याही जाड कराव्या लागतात. हे सांगितलं की मालकाचा चेहरा पडतो. "अहो, शेजारच्यानं तर नुसता तुकडा घातला!" घातला असेल.

आता आमची चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. २००७ मध्ये एका बार्जच्या कामात आम्ही तिचं रिकामं वजन जुन्या पुस्तिकेतून उचललं. शिक्का होता, सही होती, म्हटलं बरोबरच असणार. काम झालं, बार्ज पाण्यात उतरली आणि हिशेबापेक्षा सात सेंटिमीटर खाली बसली. सात सेंटिमीटर म्हणजे बोटभर, पण तेवढ्याचं वजन भरतं त्रेचाळीस टन. टाक्या उघडल्या तेव्हा सापडलं : बिल्जमध्ये, म्हणजे अगदी तळाच्या पोकळीत, ओतलेलं सिमेंट, गंजलेल्या तळावर एकावर एक चढवलेल्या प्लेटा, बॅलास्ट टाकीत (तोल राखायला पाणी भरतात ती) दगड झालेला चिखल. पंधरा वर्षांत कोणी कोणी काय काय कोंबलं होतं. प्रत्येक खेपेला त्रेचाळीस टनांचं भाडं बुडणार होतं, मालकाचं. शेवटचा हप्ता आम्ही मागितला नाही. त्यानं दिलाही नसता म्हणा.

तेव्हापासून नियम एकच : रेघ मारण्याआधी बार्ज आम्ही स्वतः मोजणार. पुढे-मागे-मधे बार्ज पाण्यात किती खोल बसलीय ते बघून वजन, आणि मग इन्क्लायनिंग, म्हणजे बार्ज मुद्दाम किंचित कलवून तिचा तोल तपासणं. पहाटे, वारा सुटायच्या आत, भरती-ओहोटीच्या संथ वेळी. दोर सैल सोडायचे. टाक्या एकतर कोरड्या नाहीतर काठोकाठ भरलेल्या, कारण अर्धवट टाकीतलं पाणी डुचमळून सगळा हिशेब नासवतं. होल्डमध्ये, म्हणजे माल भरायच्या पोकळीत, तीन मीटरचा ओळंबा टांगायचा, गवंड्याचा असतो तसाच. त्याचं टोक जुन्या तेलाच्या बादलीत, हेलकावे शमावेत म्हणून. मग डेकवरचं पाच टनांचं वजन या बाजूनं त्या बाजूला हलवायचं आणि ओळंबा किती सरकला ते पट्टीवर वाचायचं. रुंद, रिकामी बार्ज फार ताठ असते, सहज कलत नाही; ओळंबा जेमतेम सतरा मिलिमीटर सरकतो. एक मिलिमीटर चुकीचा वाचलात की उत्तर सहा टक्क्यांनी बदललं. त्यामुळे पट्टी तिघं वाचतात, आणि एकमेकांना आकडा सांगत नाहीत.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. मध्ये थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. नदीत बार्जेस रांगेनं गंजत उभ्या राहिल्या, कित्येक भंगारात गेल्या. आमच्याकडचे चार ड्राफ्ट्समन गेले, त्यातले दोघे दुबईला. भाडं थकलं. ऑफिस एका खोलीत आलं.

मग मालक येऊ लागले : खनिज नाही तर कोळसा वाहतो, तसं करून द्या. ऐकायला सोपं वाटतं. पण एक टन खनिज अर्ध्या घनमीटरच्या आत बसतं आणि कोळशाला त्याच्या जवळजवळ तिप्पट जागा लागते. पंधराशे टनांची बार्ज नऊशे टन कोळशातच काठोकाठ भरायची. उपाय म्हणजे कोमिंग सव्वा मीटर उंच करणं. वजन वर सरकतं, ते झेपेल की नाही हे आकडेमोड सांगते. पण एका बार्जवर वृद्ध तांडेल मला व्हीलहाउसमध्ये, सुकाणूच्या केबिनमध्ये, घेऊन गेला, स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "साहेब, एवढा ढीग पुढं आला तर नाळ, बोटीचं पुढचं टोक, दिसणार कशी? मासेमारीची होडी आडवी आली तर?" ते आमच्या आराखड्यात नव्हतं. व्हीलहाउस दीड मीटर उचललं. मग पुलाखालून जाईल का, हे नव्यानं तपासलं.

२०१३ मध्ये नौवहन महासंचालनालयाचे रिव्हर-सी व्हेसलचे नियम आले आणि नदीतल्या बार्जेस किनाऱ्यानं समुद्रात नेण्याची टूम निघाली. उघड्या होल्डवर झाकणं, नाळेची उंची, जीवरक्षक साधनं, जाड प्लेटा... बऱ्याच जणांना आम्ही हिशेब मांडून सांगितलं की एवढ्या खर्चात दुसरी घ्या. त्यातल्या काहींनी नंतर दुसरं काम आणलं, काहींनी ओळख सोडली.

आज आम्ही पाच जण आहोत. मुलगी बघते ते कॉम्प्युटरवरचं मॉडेलिंग मला अर्धंच कळतं. पण ओळंबा अजून मीच टांगतो. परवा पहाटे साडेपाचला एका बार्जवर इन्क्लायनिंग आहे. काल तिथल्या भंडाऱ्याचा, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाक्याचा, फोन आला होता, चहा द्यायचा का विचारायला. म्हटलं, दे, पण आकडे घेऊन झाल्यावर. तोपर्यंत किनाऱ्यावरच थांब.