खालचं बटण, वरचं वायफाय

आमचं साताऱ्याचं घर जुनं, दुमजली, दगडी भिंतींचं. खालच्या राउटरचं वायफाय जिन्याच्या वर जाईचना, म्हणून केबल ओढून वर दुसरा राउटर बसवला. दोन्हींवर ओपन-डब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरवर चालणारं लिनक्स. मग भाचा अकरावीसाठी आमच्याकडे राहायला आला आणि वर रात्री दोन-दोनपर्यंत गेम सुरू झाले. आई रोज गुडघे धरत जिना चढून वरच्या राउटरचा प्लग काढायची.

टायमर लाव, असं सगळ्यांनी सुचवलं. पण क्रिकेटची मॅच असते, पाहुणे असतात. केव्हा बंद करायचं ते आमच्याकडे आई ठरवते. तिला खाली बसल्या जागी एक बटण हवं होतं, आणि खालच्या राउटरवर डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता उपकरण वायफायला जोडायचं) बटण कित्येक वर्षं बिनकामाचं पडलेलं होतं. ते दाबलं की खालच्या राउटरने एसएसएचने (एका यंत्रावरून दुसऱ्यावर सुरक्षितपणे कमांड चालवायची सोय) वर लॉगिन करायचं आणि 'वायफाय डाउन' म्हणायचं. अडचण एकच: लॉगिनला पासवर्ड लागतो, आणि बटण काही पासवर्ड टाइप करत नाही.

म्हणजे की-जोडी हवी: एक गुप्त प्रायव्हेट की आपल्याकडे, तिची जुळी पब्लिक की समोरच्या यंत्रावर, दोन्ही जुळल्या की पासवर्डशिवाय प्रवेश. ओपन-डब्ल्यूआरटीवर एसएसएचसाठी नेहमीचा ओपन-एसएसएच हा प्रोग्रॅम नसतो, ड्रॉपबेअर असतं. ते आटोपशीर, पण त्याच्या तऱ्हा वेगळ्या. खालच्या राउटरवर ड्रॉपबेअर-की ही त्याची कमांड चालवून ईडी२५५१९ जातीची जोडी बनवली. प्रायव्हेट की तिथेच ठेवली आणि पब्लिक कीची 'एसएसएच-'ने सुरू होणारी ओळ कॉपी करून वरच्या राउटरवर, रूटच्या (सर्वाधिकार असलेल्या युजरच्या) होम फोल्डरमधल्या डॉट-एसएसएच फोल्डरमध्ये ऑथराइज्ड-कीज या फाइलीत टाकली. लिनक्सवर हे शंभरदा केलंय.

पासवर्ड मागितलाच.

फोल्डर आणि फाइल फक्त मालकालाच उघडता येतील अशा परवानग्या लावून पाहिल्या, ७०० आणि ६००. ओळ मध्येच तुटली नाही ना, ते पाहिलं. नवी जोडी बनवली. पुन्हा पासवर्ड. त्या नादात रविवारची दुपार गेली, आमटी दोनदा गरम झाली. शेवटी वरच्या राउटरवर लॉगरीड, म्हणजे राउटरच्या नोंदींचा लॉग, उघडलं. पासवर्डने आत शिरल्याची नोंद होती, कीबद्दल मात्र एक अक्षर नाही. म्हणजे कीला नकारसुद्धा मिळत नव्हता, ती फाइल कुणी वाचतच नव्हतं! ओपन-डब्ल्यूआरटीवर रूटसाठी ड्रॉपबेअर बघतो ती फाइल इटीसी या सेटिंगांच्या फोल्डरखालच्या ड्रॉपबेअर फोल्डरमध्ये असते. नाव तेच, ऑथराइज्ड-कीज, पण पत्ता निराळा. तिथे ओळ हलवली आणि पुढच्या फेरीला राउटरने मुकाट्याने आत घेतलं. लॉगमध्ये 'पबकी ऑथ सक्सीडेड' दिसल्यावर मी एकटाच हसलो.

मग बटण. बटण दाबल्यावर चालणाऱ्या डब्ल्यूपीएसच्या मूळ स्क्रिप्टच्या जागी स्वतःची चार ओळींची ठेवली. टर्मिनलवरून चालवली की वरचं वायफाय जायचं, बटण दाबलं की ढिम्म. इथे फार वेळ गेला नाही, कारण तोवर लॉग आधी बघायची अक्कल आली होती. बटणातून सुटलेल्या स्क्रिप्टला होम म्हणून रूटचा फोल्डर मिळत नाही, नुसता '/' मिळतो. मग की सापडत नाही, आणि वरचा राउटर ओळखीचा आहे ही नोंदही सापडत नाही. अनोळखी यंत्राशी जोडू का, हा हो-नाहीचा प्रश्न येतो आणि उत्तर द्यायला तिथे कोण बसलंय? स्क्रिप्टच्या सुरुवातीला होमचा पत्ता लिहिला, काम झालं.

एक खबरदारी घेतली. ड्रॉपबेअरच्या कीला पासफ्रेज, म्हणजे कीचा स्वतःचा पासवर्ड, लावता येत नाही, म्हणजे खालचा राउटर ज्याच्या हाती त्याला वर रूटचं राज्य. म्हणून वरच्या फाइलीत त्या ओळीच्या आधी 'कमांड=' लावून वायफाय बंद करण्यापुरतीच मुभा दिली. आता त्या कीने काहीही मागा, वायफाय फक्त जाईल. सकाळी सहाला ते परत सुरू करायचं काम वरच्या राउटरच्या क्रॉनकडे, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीकडे. आणि खालच्या राउटरवरचा, की असलेला डॉट-एसएसएच फोल्डर अपग्रेडमध्ये आपोआप टिकत नाही, म्हणून सिसअपग्रेडच्या, म्हणजे अपग्रेडमध्ये जपायच्या फाइलींच्या, यादीत त्याचं नाव घातलं.

लॉग बघायची आता गरज पडत नाही. आईने बटण दाबलं की तीन-चार सेकंदांत वरून "आजीऽऽ!" ऐकू येतं.