एकट्याने करायचं, चांगल्या कमाईचं काम : पेटंट ड्राफ्टिंग

विज्ञानाची किंवा इंजिनिअरिंगची पदवी आहे, वाचणं-लिहिणं आवडतं, पण मीटिंगा, टीम आणि दिवसभराची वर्दळ सोसत नाही, अशा माणसाने पेटंट ड्राफ्टिंगचा विचार जरूर करावा. कुणीतरी लावलेला शोध अशा शब्दांत मांडायचा की पेटंट ऑफिसला त्यातलं नवेपण दिसावं आणि नक्कल करणाऱ्याला पळवाट सापडू नये. दिवसाचे सहा-सात तास खोलीचं दार लावून करायचं हे काम आहे, आणि ते बारकाईने करणाऱ्याला बारकाईचे पैसे मिळतात.

यासाठी वकिलीची पदवी लागत नाही, हे पुष्कळांना माहीतच नसतं. पेटंट कायदा १९७० च्या कलम १२६ प्रमाणे भारतीय नागरिकत्व, वय २१ पूर्ण, विज्ञान किंवा अभियांत्रिकी-तंत्रज्ञानाची पदवी आणि पेटंट एजंटची, म्हणजे दुसऱ्यांसाठी पेटंटचे अर्ज करणाऱ्या अधिकृत माणसाची, परीक्षा एवढं पुरतं. परीक्षेत दोन लेखी पेपर, प्रत्येकी १०० गुणांचे. पहिला कायदा-नियमांचा, दुसरा प्रत्यक्ष ड्राफ्टिंगचा. नंतर तोंडी. दोन्ही लेखी पेपरांत किमान ५० गुण आणि एकूण ६० टक्के मिळावे लागतात. मात्र ही परीक्षा दरवर्षी होईलच असं धरून चालू नका. २०१८ नंतरची परीक्षा थेट २०२३ मध्ये झाली होती. म्हणून नोकरी सोडून तयारीला बसणं मला शहाणपणाचं वाटत नाही. ही परीक्षा पास झालेली नसतानाही एखाद्या पेटंट फर्ममध्ये सर्च (तसा शोध आधी कुठे नोंदला किंवा छापला गेलाय का ते धुंडाळणं) आणि ड्राफ्टिंगचं काम करता येतं. सही तेवढी नोंदणीकृत एजंटची लागते.

आता काम कसं चालतं ते एका उदाहरणावरून बघू. उदाहरण रचलेलं आहे, पण या जातीचे शोध घेऊन लोक नेहमी येतात. समजा, एका शेतकऱ्याने कांदाचाळीत सेन्सर आणि पंखे बसवले. आत दमटपणा वाढला की पंखे सुरू होतात आणि कांदा सडत नाही. नवखा माणूस पहिला क्लेम, म्हणजे शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागतो ते सांगणारं वाक्य, असा लिहील : जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंचीवर बांबूचा तळ असलेली चाळ, तळाखाली दोन पंखे, आर्द्रता मोजणारा एक सेन्सर, आणि आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली की पंखे चालू करणारा कंट्रोलर.

वर्णन म्हणून हे बरोबर आहे, क्लेम म्हणून कुचकामी. साधारणपणे क्लेममधला प्रत्येक घटक समोरच्याच्या वस्तूत असेल तरच उल्लंघन सिद्ध होतं. शेजाऱ्याने बांबूऐवजी प्लॅस्टिकची जाळी टाकली, दोनऐवजी एक मोठा पंखा लावला किंवा ७० ऐवजी ७२ चा आकडा ठेवला, की तो निसटू शकतो. म्हणून पहिल्या क्लेममध्ये 'छिद्रयुक्त तळ', 'किमान एक पंखा' असं रुंद लिहायचं, आणि बांबू, ४५ सेंटिमीटर, ७० टक्के हे तपशील खालच्या, पहिल्यावर अवलंबून असणाऱ्या क्लेममध्ये ठेवायचे. वरचा क्लेम पडला तर खालचा तगतो.

पण रुंद लिहिलं की दुसरं संकट उभं राहतं. पेटंट ऑफिस कलम ३(एफ) काढतं : सेन्सर, पंखा, कंट्रोलर या सगळ्या ओळखीच्या वस्तू, प्रत्येक आपापलं नेहमीचं काम करते, तुम्ही त्या नुसत्या शेजारी शेजारी मांडल्यात. हा आक्षेप इतका ठरलेला असतो की त्याचं उत्तर पहिल्या दिवशीच स्पेसिफिकेशनमध्ये (शोधाचं वर्णन आणि क्लेम असलेल्या मसुद्यात) पेरून ठेवावं लागतं. आणि ते उत्तर संशोधकाच्या तोंडूनच येतं.

म्हणूनच एकट्याच्या या कामातली दीड तासाची एक भेट कधीही टाळू नये. फोन चालेल, व्हिडिओ कॉल त्याहून बरा. 'तुमचा शोध काय आहे?' असं विचारू नका, त्याला सगळे पाठ केलेलं उत्तर देतात. विचारा : आधी काय करून बघितलं आणि ते का फसलं? कुठला भाग काढला तर सगळं बंद पडेल? तुमच्याच वस्तूची पेटंट न मोडता नक्कल करायची झाली तर तुम्ही काय बदलाल? आपल्या शेतकऱ्याला हे विचारलं की तो सांगतो, पावसाळी हवेत पंखे लावले तर बाहेरचाच ओलावा आत येतो, म्हणून बाहेरही एक सेन्सर आहे आणि बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हाच पंखे चालतात. इथे पेन खाली ठेवून नीट ऐकावं, कारण घटक एकमेकांवर अवलंबून असल्याचा पुरावा हाच.

लगेच खूश होऊ नका. आता सर्च. शब्दाने शोधून भागत नाही, वर्गाने शोधावं लागतं. शेतमालाच्या साठवणीचा आंतरराष्ट्रीय वर्ग ए०१एफ २५. पेटंट शोधायच्या वेबसाइट एस्पेसनेट, गूगल पेटंट्स, वायपोचं (जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं) पेटंटस्कोप आणि भारताचं इनपास, चारही फुकट आहेत. तिथे कळतं की आतली-बाहेरची हवा तोलून पंखे चालवणं धान्याच्या सायलोत जुनंच आहे. मग संशोधकाला पुन्हा फोन. तो म्हणतो, कांद्याची सड ढिगाच्या पोटात सुरू होते, म्हणून प्रत्येक कप्प्यात मधोमध छिद्रांचा उभा पाइप आहे, सेन्सर त्यात आहे, आणि जो कप्पा ओला तेवढ्यालाच झडप उघडून हवा जाते. पहिला क्लेम आता याच्याभोवती बांधायचा. तो आधीपेक्षा अरुंद होतो, पण टिकण्याची शक्यता किती तरी वाढते. मी तरी रुंद आणि मरतुकड्या क्लेमपेक्षा असाच क्लेम लिहीन.

सर्चची ताकद काय असते हे आपल्याकडे हळदीने दाखवून दिलं. हळदीने जखम भरण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. लढाई जिंकली ती छापील मजकुराच्या जोरावर : जुने संस्कृत-उर्दू ग्रंथ आणि १९५३ चा, इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला एक निबंध. ज्याला एकट्याने तासन् तास कागद उपसायला आवडतं, त्याच्यासाठी याहून समाधानाचं काम मला दुसरं दिसत नाही.

लिहिताना उराशी बाळगायची गोष्ट एकच : अर्ज केल्यानंतर नवा मजकूर घालता येत नाही. कलम ५९ तेवढी मोकळीक देत नाही. त्यामुळे पंख्याऐवजी ब्लोअर, पाइपाऐवजी जाळीची नळी, वायरऐवजी रेडिओ, असे सगळे पर्याय वर्णनात आधीच यायला हवेत. शोध करून बघता येईल इतका तपशील हवा आणि अर्जदाराला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धतही सांगायला हवी. शीर्षक १५ शब्दांत, सारांश १५० शब्दांत. ३० पानं आणि १० क्लेमपर्यंत जादा फी नाही. पुढे वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन दराने प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक क्लेमला ३२० रुपये पडतात. अर्जाची फी १,६०० आणि परीक्षणाच्या, म्हणजे पेटंट ऑफिसने अर्ज तपासण्याच्या, विनंतीची ४,०००. मोठ्या कंपन्यांना याच गोष्टी पाचपट. अर्ज हिंदी किंवा इंग्रजीतच चालतो, त्यामुळे शेतकऱ्याशी किंवा वर्कशॉपवाल्याशी मराठीत खोलात बोलून इंग्रजीत नेमकं लिहिणाऱ्याला महाराष्ट्रात आणि गोव्यात खरी मागणी आहे. दोन्ही राज्यांतले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. तुम्ही मात्र साताऱ्यात बसा नाहीतर सावंतवाडीत, एजंटला सगळं ऑनलाइनच दाखल करायचं असतं आणि सुनावणीही व्हिडिओवर होते.

कमाईचं बोलू. स्वतंत्र एजंट यांत्रिक शोधाच्या संपूर्ण स्पेसिफिकेशनचे साधारण ३० ते ६० हजार घेतात, त्याला ३० ते ४० तास लागतात. औषधं, इलेक्ट्रॉनिक्स, दूरसंचार यांत दर वर जातात. परीक्षण अहवालाला, म्हणजे पेटंट ऑफिसने काढलेल्या आक्षेपांना, उत्तर देण्याचे वेगळे पैसे. महिन्याला नीट केलेले तीन ड्राफ्ट आणि दोन उत्तरं हा एकट्याला झेपेल असा भार आहे. सरकारी फी मात्र ग्राहकाकडून आधीच घ्या. स्वतःच्या खिशातून भरायची सवय लागली की वसुलीसाठी फोन करण्यातच दिवस जातात, आणि एकांत आवडणाऱ्याला तेच सर्वांत जड जातं.

शिकायचं कसं? इनपासवर मंजूर झालेलं एक भारतीय पेटंट काढा. क्लेम झाका, फक्त वर्णन वाचा आणि पहिला क्लेम स्वतः लिहा. मग मूळ क्लेमशी ताडून बघा. त्यानंतर त्याच अर्जाचा पत्रव्यवहार उघडा. परीक्षकाचे आक्षेप आणि एजंटची उत्तरं तिथे सगळ्यांना वाचायला मिळतात. आठवड्याला दोन असे वर्षभर केलेत तर कुठल्याही महागड्या कोर्सपेक्षा जास्त हाती लागेल. तरीही पहिली दोन-तीन वर्षं फर्ममध्ये, वरिष्ठाच्या लाल शाईखाली काढावीत असं माझं ठाम मत आहे. क्लेममधली चूक पाच-सात वर्षांनी, कुणी पेटंटची नक्कल केल्यावर उघडी पडते. एकट्याला ती वेळेत दाखवणारं कुणी नसतं.

दोन धोके आणखी. शोध अर्जाआधी उघड झाला तर नवेपण गेलं. यूट्यूबवरचा व्हिडिओ, कृषी प्रदर्शनातला स्टॉल, बातमी, काहीही पुरतं. कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शनं, विद्वत्सभेतले निबंध अशा मोजक्या प्रसंगांनाच आहे. म्हणून पहिल्याच फोनवर 'हे कुणाला दाखवलंय का?' विचारा. आणि ग्राहकाचा शोध खुल्या एआय साधनात चिकटवू नका, तुम्ही सही केलेला गोपनीयतेचा करार तिथेच मोडू शकतो.

दुसरा धोका तारखांचा. प्रोव्हिजनल (तात्पुरत्या) अर्जानंतर १२ महिन्यांत कंप्लीट (संपूर्ण) दाखल झाला नाही तर अर्ज सोडून दिला असं मानलं जातं. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना परीक्षणाची विनंती ३१ महिन्यांत करावी लागते. परीक्षण अहवालाचं उत्तर सहा महिन्यांत. एकट्या एजंटला डेंग्यू झाला, हॉस्पिटलात पंधरा दिवस गेले, आणि तेवढ्यात तारीख टळली, तर नुकसान ग्राहकाचं होतं. तारखा दोन स्वतंत्र कॅलेंडरांत टाका, प्रत्येकीला ६० आणि १५ दिवस आधीची आठवण लावा. शिवाय विश्वासातल्या दुसऱ्या एखाद्या एजंटशी परस्पर मदतीचं बोलून ठेवा आणि अर्जानंतर तीन महिन्यांत द्यायच्या फॉर्म २६ च्या अधिकारपत्रात, ग्राहकाला विचारून, दोघांचीही नावं घाला.