तुम्ही विचारलंत म्हणून: प्लेटलेट्स उतरतात तेव्हा

पावसाळ्यात डिचोलीतल्या आमच्या लॅबच्या खिडकीशी हमखास येणारा प्रश्न: "डेंग्यू निगेटिव्ह, मग पेशी उतरल्या कशा? प्रतिकारशक्ती कमी पडली ना? वाढवायला काय देऊ?" पपईच्या पानांचा रस तोवर घरी देऊन झालेला असतो.

आधी यंत्राच्या आकड्याची खातरजमा. जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन असतं. त्यामुळे काहींच्या प्लेटलेट्स (रक्त थांबवायला मदत करणाऱ्या पेशी) एकमेकींना चिकटतात, यंत्र त्या मोजतच नाही. स्लाइडच्या कडेला पुंजके दिसले की आम्ही दुसरं रसायन असलेल्या निळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त पुन्हा घेतो. निम्मी घाबरगुंडी तिथेच उतरते.

पुंजके नसले, बाकी पेशी ठीक आणि प्लेटलेट्सच तुरळक, तर डॉक्टर आयटीपीचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट्स नष्ट करते त्या आजाराचा, विचार करतात. यात प्रतिकारशक्ती कमी नसते, ती घरच्यांवरच उलटलेली असते. बी पेशी आणि टी पेशी या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी. बी पेशी प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी बनवतात. मदतनीस टी पेशी त्यांना चेव देतात, आणि आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी कमी पडतात. अँटिबॉडी चिकटलेली प्लेटलेट प्लीहेतून (पोटात डावीकडे असलेल्या, रक्त गाळणाऱ्या अवयवातून) जाताना मॅक्रोफेज, म्हणजे नको ते गिळून टाकणारी पेशी, तिला गिळतो. एरवी ती 7 ते 10 दिवस जगली असती. गिळून तो गप्पही बसत नाही, तिचे तुकडे टी पेशींना दाखवतो, की पुन्हा तेच चक्र. काहींत मारक टी पेशी थेट हल्ला करतात, हाडांच्या मज्जेतलं प्लेटलेट्सचं उत्पादनही मंदावतं.

दोष रक्तात फिरतो हे अमेरिकेत सेंट लुईसच्या विल्यम हॅरिंग्टन यांनी 1950 मध्ये दाखवलं. रुग्णाचं रक्त त्यांनी स्वतःला टोचून घेतलं. काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट्स कोसळल्या. असला प्रयोग आज कुठलीही समिती करू देणार नाही!

म्हणून प्रतिकारशक्ती 'वाढवणारे' काढे इथे कामाचे नाहीत. उपचार उलट तिला आवरायचे: स्टेरॉइड, बी पेशी संपवणारं रिटुक्सिमॅब हे औषध, मॅक्रोफेजला थोपवणारं आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या दात्यांच्या अँटिबॉडी), क्वचित प्लीहा काढणं. एकाला लागू पडतं ते दुसऱ्याला पडेलच असं नाही, कारण प्रत्येकात मुख्य गुन्हेगार वेगळा. लहान मुलांत बऱ्याचदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप बरं होतं.

आकड्यापेक्षा अंगाकडे बघा, काकी. टाचणीएवढे लाल ठिपके, तोंडात रक्ताचे फोड, न थांबणारा घोळणा दिसला तर रस वाटत बसू नका, सरळ बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठा. आणि अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन देऊ नका.