बाई आधी विचारायच्या

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या त्या चित्रकलेच्या बाई. शाळेत बाई पुष्कळ होत्या, पण आमच्या तुकडीत नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच. बाकीच्या शिक्षकांवर इतर जण लिहितील. मला बाईंवरच लिहायचं आहे.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी कुठल्याही शाळेत होते, तशी आपल्याकडेही व्हायची. पण शनिवारच्या सकाळच्या शाळेत, शेवटच्या तासाला, बाई फळ्याच्या चौकटीला एखादं छापील चित्र लावायच्या. चित्रकार कोण, देश कोणता, काही सांगायच्या नाहीत. "काय दिसतंय?" एवढंच विचारायच्या. जो जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहायच्या आणि तास संपेपर्यंत एकही ओळ पुसायच्या नाहीत.

एका शनिवारी फळ्यावर तीन बायका होत्या. दोघी पार वाकलेल्या, तिसरी अर्धवट उभी. मागे दूरवर गंजी, गाडी, माणसांची लगबग. ठाण्याच्या नौपाड्यातला एक जण म्हणाला, काहीतरी सांडलंय ते गोळा करतायत. दुसरा म्हणाला, भाताची लावणी. कल्याणच्या पुढे गाडीतून त्यानं तेवढंच पाहिलेलं. बाळकुमची आमची एक मैत्रीण वर्गात सहसा तोंड उघडायची नाही. ती उठून म्हणाली, "बाई, त्या सरवा वेचतायत. शेत त्यांचं नाहीये."

"कशावरून गं?"

"आपलं शेत असतं तर पेंढ्या बांधल्या असत्या. ह्यांच्या हातात मूठभरच आहे. ती बघा, एकीनं हात पाठीवर घेऊन मूठ धरलीय. आणि मागे घोड्यावर तो बसलाय ना, तो राखण करतोय."

घोडेस्वार तोवर आम्हा कुणालाच दिसला नव्हता. उजवीकडे, क्षितिजालगत, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. तिची आजी कापणी झाल्यावर दुसऱ्यांच्या शेतात असा सरवा, म्हणजे पडलेली कणसं, वेचायला जायची, म्हणून तो तिला आधी दिसला. बाईंनी तिला पुढे बोलावून चित्राशेजारी उभं केलं आणि उरलेला तास तिला बोलू दिलं. मगच सांगितलं, की हे फ्रान्सच्या मिले या चित्रकाराचं 1857 सालचं चित्र. पॅरिसमध्ये ते मांडलं तेव्हा 1848च्या क्रांतीची धास्ती घेतलेल्या कित्येक श्रीमंतांना त्या तीन बायकांतही उठावच दिसला. बायबल वाचत वाढलेल्यांना त्यांच्यात परक्याच्या शेतात कणसं वेचणारी रूथ आठवते. आणि आमच्या वर्गाला बाळकुमची आजी दिसली. बाईंनी तिन्ही गोष्टी एकाखाली एक लिहिल्या, एकाच आकाराच्या अक्षरात.

पालघर जिल्हा वेगळा झाला 2014 साली. आमच्या वेळी जव्हार, डहाणू, तलासरी सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं. बाईंनी वारल्यांचा लग्नचौक दाखवला तेव्हा आम्ही "छान नक्षी आहे" म्हणून मोकळे झालो. बाईंनी शांतपणे सांगितलं, की सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं हा चौक लिहितात, मधल्या चौकोनात पालघट देवी असते, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, तिथे गाते तेव्हा लग्न लागतं. लग्नघरातल्या माणसाला तिथे देवी आलेली दिसते. आज वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011मध्ये पद्मश्री मिळाल्याचा अभिमान आपण सगळेच सांगतो, पण कपबशीवरच्या वारली माणसांकडे पाहताना किती जणांना तो चौक आठवतो?

पुढे मी मानसशास्त्राकडे वळले आणि आज तोच विषय शिकवते. मासुदा आणि निस्बेट यांचा 2001चा अभ्यास विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. पाण्यातल्या माशांचं तेच चलच्चित्र जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना दाखवलं. अमेरिकन मुलं बहुधा मोठ्या माशापासून सुरुवात करायची, जपानी मुलं पाणी कसं आहे, तळं आहे का, इथून. हे शिकवताना दर वेळी मला तो फळा आठवतो. बाईंनी असला कुठलाच अभ्यास वाचला नव्हता. वर्गात नौपाडा, चेंदणी कोळीवाडा, बाळकुम, कळवा एकत्र बसतं, याची त्यांना जाण होती, आणि हीच त्यांची विद्या होती.

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात ते मूळ चित्र पाहायचा योग आला. लोक त्या तिघींपुढे थांबत होते. माझी नजर आधी घोडेस्वाराकडे गेली.

आता बाळकुमला शेतं नाहीत, टॉवर आहेत. आपला चित्रकलेचा वर्गही राहिला नाही, तिथे संगणक आले. संगणक हवेतच, पण त्यासाठी तोच वर्ग का घ्यावा, हे मला अजूनही पटलेलं नाही. मुलांना आता चित्र मोबाइलवर दिसतं आणि त्याचा अर्थ त्याच्या खालीच लिहिलेला असतो.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि संस्थेला एक विनंती. महोत्सवाच्या प्रदर्शनात पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यात काही चांगली चित्रं लावूया. पहिले दोन दिवस खाली नाव, माहिती काही नको. शेजारी कोरे कागद ठेवूया, मुलं त्यांना काय दिसतंय ते लिहितील. छपाईचा खर्च आमची तुकडी करणार आहे. बाई येणार आहेत, कागद वाचायला त्यांनाच बसवूया.