लाइनअप शीट: बेरजेत पहिली, मैदानात उणे

आमच्या बास्केटबॉल संघाच्या शीटमध्ये प्रत्येक खेळाडूच्या गुणांच्या बेरजेने पहिली येणारी पंचकडी, म्हणजे एकत्र खेळणारे पाच जण (एक शूटर, बॉलशिवाय रिंगकडे धावणारे दोन कटर, दोन उंच), व्हिडिओत मात्र सतत उणेच निघतेय, म्हणजे ती मैदानात असताना समोरचे जास्त गुण करतात. कारण सापडलं. ते नियमातच आहे.

स्पेसिंगचे (खेळाडूंनी पसरून जागा मोकळी ठेवण्याचे) गुण एनबीए या अमेरिकन लीगवरून आलेले. तिथे डिफेन्सिव्ह थ्री सेकंद लागू आहे; कुणाला मार्क न करता पेंटमध्ये (रिंगखालच्या आयतात) तीन सेकंदांहून जास्त ठाण मांडता येत नाही. आपण खेळतो त्या फिबाच्या (आंतरराष्ट्रीय) नियमांत ही अटच नाही. त्यामुळे कॉर्नरवाला थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट) मारत नसेल, तर त्याचा डिफेंडर सरळ रिंगखाली येतो. असे दोघे एकत्र आले की ड्राइव्ह (बॉल घेऊन रिंगकडे घुसणं) संपलीच.

म्हणून सरावातली थ्रीची टक्केवारी बाजूला ठेवा, कॉर्नरवाल्याच्या डिफेंडरचे पाय बघा. बॉल विंगला (बाजूला, थ्री लाइनजवळ) पोचला की व्हिडिओ थांबवा: पाय पेंटमध्ये असेल तर ०, अधेमधे १, हात लागेल इतका जवळ २. पेंट ४.९० मीटर रुंद, कॉर्नरची थ्री लाइन मधोमधपासून ६.६० मीटर. म्हणजे पेंटच्या कडेवरून क्लोजआउटला (शूटरकडे परत धावायला) किमान ४.१५ मीटर. एवढं अंतर सोडूनही डिफेंडर निवांत असेल, तर शूटर म्हणून त्या कॉर्नरवाल्याचे गुण शून्य.

पाय दिसायला मोबाइल बेसलाइनमागे उंचावर लावा आणि हाफटाइमला पलीकडे न्या. सेंटर लाइनवरून पलीकडचा कॉर्नर झाकला जातो.

तीच पंचकडी, फक्त एका उंच खेळाडूला कॉर्नरवरून काढून स्क्रीनला (बॉलवाल्या गार्डच्या डिफेंडरची वाट अडवायला) लावलं, तर पेंट मोकळा. नाद खुळा! त्या उंच खेळाडूचा डिफेंडर वर आला नाही तर गार्डला पुल-अप (ड्रिबल थांबवून लगेच शॉट) मिळतो. गार्डचा डिफेंडर स्क्रीनखालून निसटला, तर तिथेच उलट्या बाजूने पुन्हा स्क्रीन. मात्र स्क्रीन लागताना पाय हलले की फाउल.

आकड्यांची अडचण अजून आहेच. स्कोअरशीटवर खेळाडू पहिल्यांदा उतरल्याची खूण असते, नंतरच्या अदलाबदली नसतात. त्या व्हिडिओतूनच काढाव्या लागतात. मोफत स्कोअरिंग ॲपवर विसंबू नका, घाईत बटण दाबायचं राहतं. शिवाय १२ जणांतून ७९२ पंचकड्या होतात. एखादीला २० पझेशन (बॉल ताब्यात असलेल्या पाळ्या) मिळाली, तर एकच थ्री तिचा आकडा शंभर पझेशनमागे १५ ने हलवतो. त्यावर कसला निकाल लावणार?

हे लिहितानाच ठरतंय: पंचकड्यांचा तक्ता बंद, आता जोड्या. त्या फक्त ६६. दोघे कायम एकत्रच खेळत असतील तर गुण कुणाचा ते जोडीतूनही कळत नाही, म्हणून सरावात दोन्ही उंच खेळाडू विरुद्ध संघांत टाकायचे. कोल्हापूरचा पाऊस सुरू होऊन उघडी कोर्ट निसरडी व्हायच्या आत हे उरकायला हवं.